अंदमानला जाताना आधी तिथी बघा

बहुतेक घरांत अंदमानची सहल विमानाच्या तिकिटापासून सुरू होते. स्वस्त तिकीट कुठल्या तारखेला मिळते ते बघायचे, रजा टाकायची आणि सहलकंपनीने दिलेला पाच रात्रींचा कार्यक्रम त्या तारखांत बसवायचा. महाबळेश्वरला किंवा उटीला हा क्रम चालून जातो. बेटावर चालत नाही. पोर्ट ब्लेअरला विमान उतरले तरी ज्या किनाऱ्यासाठी एवढ्या लांब आलो, तो अजून समुद्रापलीकडे असतो. तिथे बोट जाईल की नाही, किनाऱ्यावर पोहण्याइतके पाणी असेल की नुसते खडक, पाण्याखाली काही दिसेल की गढूळ असेल, आणि उजेड किती वाजेपर्यंत टिकेल, हे सगळे समुद्र, चंद्र आणि सूर्य ठरवतात. त्यांच्या वेळा आपल्याला महिनोन्महिने आधी कळू शकतात. तेव्हा आधी हंगाम ठरवा, मग तिथी बघा, मग बोटी, आणि विमानाचे तिकीट सगळ्यांत शेवटी काढा. भाड्यात हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. सुट्टी हाताशी लागते.

नावांबद्दल एक खुलासा आधीच करतो, कारण आरक्षण करताना यात गोंधळ होतो. २०१८ च्या डिसेंबरपासून हॅवलॉक बेटाचे अधिकृत नाव स्वराज द्वीप आणि नील बेटाचे शहीद द्वीप आहे. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर शहराचे नाव श्रीविजयपुरम झाले. बोलण्यात जुनी नावे सर्रास ऐकू येतात, म्हणून इथेही तीच वापरली आहेत. हॉटेल किंवा बोट शोधताना मात्र दोन्ही नावांनी शोधा.

अंदमानात पाऊस दोन वाटांनी येतो. नैऋत्य मोसमी वारे केरळच्याही आधी इथे पोचतात, साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी आपण घरी बसून आनंदाने वाचतो. तिथे मात्र त्या दिवसांपासून समुद्र खवळायला लागतो आणि बोटींचे वेळापत्रक डळमळीत होते. हा पाऊस सप्टेंबरपर्यंत चालतो. तो सरतो न सरतो तोच ईशान्येकडचे वारे सुरू होतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हाच बंगालच्या उपसागरात आणि अंदमान समुद्रात चक्रीवादळे उठण्याचा काळ. भरवशाचा समुद्र हवा असेल तर जानेवारी ते एप्रिल हे चार महिने आपले. त्यातही पाण्याखालचे बघायचे असेल तर फेब्रुवारीपासून पुढे पाणी जास्त नितळ असते.

आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या याच्या उलट पडतात, ही मराठी घरांची खरी अडचण. दिवाळीच्या सुट्टीत अंदमान ठरवू नका असे मी स्पष्टच सांगेन. हवा चांगली लागली तर छानच, पण कमी दाबाचा एखादा पट्टा तयार झाला तर चार दिवस हॉटेलच्या व्हरांड्यात बसून काढावे लागतात आणि परतीचा प्रवासही अडकतो. नाताळात समुद्र बराच निवळलेला असतो, पण गर्दी आणि दर दोन्ही शिगेला. मुलांची शाळा सांभाळून जायचे असेल तर परीक्षा संपताच, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात किंवा मेच्या अगदी सुरुवातीला निघा. उकाडा असतो, दुपार सावलीत काढावी लागते, पण समुद्र बहुधा शांत असतो. शाळेचे बंधन नसलेल्यांनी, विशेषतः निवृत्त मंडळींनी, फेब्रुवारी-मार्च सोडून दुसरा विचारच करू नये.

महिना ठरला की कालनिर्णय उघडा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती जास्त वर चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाण्याची चढउतार सगळ्यांत कमी. उधाण असो वा भांग, त्याचा खरा जोर त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी जाणवतो. कोकणातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, पण पुण्या-नाशिकहून, नागपूर-सोलापूरहून जाणाऱ्यांनी हे मनात पक्के करावे. मुंबईच्या मानाने अंदमानातली भरती निम्म्याच्या आसपासच चढते. तरीही नील आणि हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यांवर समुद्राचा तळ इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी दूरवर सरकते आणि मागे प्रवाळाचे टोकदार खडक उरतात. समुद्राकाठची खोली म्हणून भरमसाट पैसे मोजून आलेले कुटुंब पोहण्याचे कपडे घालून उभे आहे आणि समोर गुडघाभरही पाणी नाही, हे दृश्य तिथे नेहमीचे आहे. वेळ दोन तास पुढेमागे केली असती तर त्याच जागी सुंदर निळे पाणी मिळाले असते.

माझा सल्ला असा: वद्य अष्टमीला पोर्ट ब्लेअरला पोचा आणि अमावास्येच्या आसपास परता. सुरुवातीचे दिवस भांगाचे असल्याने पाण्याला ओढ कमी असते. पोहायला, मुलांना पाण्यात न्यायला, मुखवटा लावून प्रवाळ बघायला हे दिवस चांगले. पुढे द्वादशी-त्रयोदशीपासून ओहोटी खोल जायला लागते, तेव्हा नीलवर असावे, कारण तिथले सगळ्यांत वेगळे दृश्य ओहोटीलाच उघडते. शिवाय या सगळ्या रात्री सुरुवातीला काळोख्या असतात; चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो. अंधाऱ्या रात्री हॅवलॉकच्या खारफुटीजवळच्या पाण्यात वल्हे मारले की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. माहीतगार वाटाड्यासह छोट्या होडीतून हे दाखवायला नेतात. पौर्णिमेच्या आसपास गेलेल्यांना चांदण्यामुळे यातले फारसे काही दिसत नाही.

भरतीची नेमकी वेळ काढण्यासाठी तिथीला पाऊणने गुणायचा आपल्याकडचा हिशेब अनेकांना पाठ असतो: चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरता. अंदमानात भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत, तो तिथे लावू नका. पोर्ट ब्लेअरची भरती-ओहोटीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी छापतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचे आणि समुद्राच्या स्थितीचे अंदाज रोज देते, उंच लाटांचे इशारेही तीच काढते. मुक्कामाच्या दिवसांची भरती-ओहोटी एका कागदावर उतरवून घ्या. रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे लक्षात ठेवले की दुसऱ्या दिवसाचा बेत आदल्या दिवशीच डोक्यात बसतो.

उजेडाचेही असेच. अंदमान आपल्यापेक्षा वीस रेखांश पूर्वेला, पण घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे तिथे सूर्य मुंबईपेक्षा तासाहून अधिक आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी पाचच्या आत सूर्य बुडालेला असतो, एप्रिलअखेर साडेपाचच्या सुमारास. आपल्या सवयीने नऊ वाजता नाश्ता आणि अकराला बाहेर असा दिवस लावलात तर अर्धा उजेड वाया गेला आणि पाण्यात शिरायची वेळ ऐन उन्हात आली. पहाटे पाचला उठा, सकाळी दहापर्यंत पाण्यातले सगळे उरका, दुपारी जेवून झोपा आणि साडेतीनला पुन्हा निघा. मुले पहिल्या दिवशी कुरकुरतील. संध्याकाळी लवकर अंधार पडत असल्याने दुसऱ्या दिवसापासून आपोआप लवकर झोपतात.

आता बोटी. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दोन प्रकारच्या बोटी जातात. सरकारी बोट फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते, अडीच तासांच्या आसपास घेते, स्वस्त असते आणि वर उघड्या डेकवर उभे राहता येते. ती मुळात बेटांवर राहणाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी आहे; तिकिटे फार आधी मिळत नाहीत आणि स्थानिकांना प्राधान्य असते, ते योग्यच आहे. खासगी वेगवान बोटी दीड तासात पोचवतात, वातानुकूलित असतात, पण बंद केबिनमध्ये बसून राहावे लागते. हंगामात खासगी बोटीचे तिकीट हॉटेलच्याही आधी काढा. हॉटेले पुष्कळ आहेत, सकाळच्या बोटीतल्या जागा मोजक्या. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ हवे, लहान मुलांचेही.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी बोट सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. जागा बोटीच्या मध्यभागी किंवा मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर मागा. पुढचा भाग सगळ्यांत जास्त उसळतो. मोबाइलकडे बघत बसू नका, खिडकीतून क्षितिजाकडे बघा. सकाळची बोट निवडण्याचे एक कारण हेही आहे की वारा बहुधा दुपारनंतर वाढतो.

हवा बिघडली की बंदर विभाग बोटी थांबवतो. त्यावर धक्क्यावर वाद घालून काही होत नाही, आणि घालूही नये. तो निर्णय तुमच्या जिवासाठी असतो. यातून एकच नियम निघतो, जो कधीही मोडू नये: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये असा. नीलहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान पकडण्याचा बेत कागदावर सोपा दिसतो. एक फेरी रद्द झाली की विमान गेले, आणि पुण्या-मुंबईला जोडणारे चेन्नईचे किंवा कोलकात्याचे पुढचे विमानही गेले.

या सगळ्याचा विचार केला की सहलकंपन्यांचा ठरावीक कार्यक्रम का खटकतो ते कळेल. त्यात पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअरच्या आसपास जातात, मग हॅवलॉकला एक रात्र, नीलला एक रात्र, आणि परत. रोज सामान बांधायचे, रोज धक्क्यावर रांग. भरतीची वेळ चुकली तर ती जागा कायमची चुकली, कारण उद्या तुम्ही तिथे नसता. त्याऐवजी पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, मग सलग तीन रात्री हॅवलॉकला, दोन नीलला आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला, अशा सात रात्री धरा. सात जमत नसतील तर प्रत्येक ठिकाणची एकेक रात्र कमी न करता एक बेटच वगळा. उत्तरेकडच्या दिगलीपूरला रॉस आणि स्मिथ ही वाळूच्या दांड्याने जोडलेली जुळी बेटे फार देखणी आहेत, पण तिथवर जाण्यायेण्यात दिवस जातात. पहिल्याच खेपेला ते गळ्यात घेऊ नका.

हॅवलॉकवर वस्त्यांची नावे गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी ही बेटे वसवली, म्हणून गावातल्या खाणावळीत मोहरीचा वास आणि माशाचा झोल भेटतो. राहण्याची बरीच हॉटेले विजयनगर-गोविंदनगरच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. तिथे सूर्योदय सुरेख, पण ओहोटीला पाणी दूर जाते ते इथेच. पोहण्यासाठी पश्चिमेचा राधानगर किनारा. धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, मागे उंच जुन्या झाडांचे जंगल आणि समोर रुंद पांढरी पुळण. २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले. स्नानगृहे, कपडे बदलायच्या खोल्या, जीवरक्षक अशा सोयी आहेत. सगळे तिथे सूर्यास्ताला जातात, म्हणून तुम्ही सकाळी सातला जा. एवढा मोठा किनारा जवळजवळ मोकळा मिळेल. संध्याकाळी पुन्हा या, पण तेव्हा बसायला.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला धक्क्यावरून होडीने नेतात. पाण्यावरचे खेळ तिथेच एकवटले आहेत, त्यामुळे दहानंतर गोंगाट असतो. पहिल्या होडीने गेलात तर तासभर तरी शांतपणे प्रवाळ बघता येतात. किनाऱ्यावर उन्मळलेले, वाळलेले प्रचंड वृक्ष दिसतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने या बेटांचे किनारे किती बदलले ते तिथे समजते. हा सगळा पट्टा तीव्र भूकंपप्रवण क्षेत्रात येतो. जमीन जोरात हलली किंवा समुद्राचे पाणी अवेळी झपाट्याने मागे गेले, तर फोटो काढायला थांबू नका. सामान टाकून उंच जागी चला. मुलांनाही हे आधी सांगून ठेवा, घाबरवून नव्हे, नेहमीची माहिती म्हणून.

नील बेट मला हॅवलॉकहून जास्त आवडते. छोटे आहे, सायकलवर फिरून होते, भाताची खाचरे आणि भाजीचे मळे आहेत. किनाऱ्यांची नावे रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. धक्क्याशेजारच्या भरतपूरला पाणी उथळ आणि शांत, लहान मुलांना उत्तम. भरतीच्या वेळी जा. सीतापूरला पहाट, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. लक्ष्मणपूरच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर लाटांनी कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथवर ओहोटीलाच चालत जाता येते. वाटेत खडकांच्या खळग्यांत अडकलेल्या पाण्यात समुद्रकाकड्या, तारामासे, रंगीत छोटे मासे, प्रवाळाचे जिवंत तुकडे दिसतात. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळले की निघा. पायात घट्ट बसणारे, बंद, रबरी तळाचे बूट हवेत; चपला घसरतात आणि प्रवाळाने कापलेली जखम लवकर बरी होत नाही. स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या. कुठल्या दगडाखाली काय आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि पाय कुठे ठेवू नये हेही. वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी फार चावतात. खोबरेल तेल चोपडून, पूर्ण कपडे घालून बसा.

पाण्यात शिरण्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण आपल्या कोकणकिनाऱ्यावर दर वर्षी तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या येतात आणि बहुतेक वेळा कारण तेच असते. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढले जाते. नेमक्या त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसते, म्हणून लोक तिथेच उतरतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि किनाऱ्याला समांतर आडवे पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. मग लाटाच बाहेर आणतात. पाण्यात असताना मुले हाताच्या अंतरावर असावीत. दारू पिऊन पाण्यात जाऊ नये, यात दुसरे मत असूच शकत नाही.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरच्या टोकाला असलेल्या छोट्या उपसागरात मगरीने एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव घेतला. मगर दिसली की प्रशासन तो किनारा बंद करते. लाल पाटी किंवा जीवरक्षकाची शिट्टी म्हणजे चर्चा नको, बाहेर या. खाडीच्या मुखाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर कुठेही पोहू नका. चमकणारे पाणी होडीतूनच बघा.

पोहता न येणाऱ्यांनाही स्कुबा करता येते. आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घेण्याचा, मुखवट्यात शिरलेले पाणी काढण्याचा आणि नाक दाबून कानातला दाब मोकळा करण्याचा सराव करून घेतात. मग प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो, जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत. केंद्र निवडताना दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकाकडे किती माणसे असतील, आणि सरावाला किती वेळ देणार. नवख्या माणसाला एकास एकच हवा. वयाची अट साधारणपणे दहा वर्षे पूर्ण अशी असते. आरोग्याचा अर्ज भरताना दमा, हृदयविकार, फिट, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांतले काहीही लपवू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी रद्द करा. नाक-कान चोंदलेले असताना खाली गेल्यास कानाच्या पडद्याला इजा होते.

दाबाखाली श्वास घेतल्याने रक्तात नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. विमानात हवेचा दाब कमी असल्याने लगेच उड्डाण केले तर त्याचे बुडबुडे होऊन गंभीर त्रास होऊ शकतो. एक बुडी असेल तर किमान बारा तास, अनेक असतील तर किमान अठरा तास विमान टाळायचे. पूर्ण दिवस मोकळा ठेवणे उत्तम. म्हणून स्कुबा हॅवलॉकच्या पहिल्या-दुसऱ्या सकाळीच करा. त्या दिवशी पाणी गढूळ असले तरी आणखी एक सकाळ हाताशी राहते.

प्रवाळ हा दगड नाही, तो जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. पाणी थोडे जरी जास्त तापले तरी तो पांढरा पडतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर असे पांढरे पडले होते. तो सावरायला वर्षे लागतात आणि आपल्या एका पावलाने तुटतो. त्यावर उभे राहू नका, दमलात तर पाठीवर तरंगा. काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाईने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. बाटलीवरची यादी वाचून घ्या, किंवा त्याहून बरे म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला. ऊनही लागत नाही आणि समुद्रात काही जातही नाही. ज्यांना प्रवाळ मनापासून बघायचे आहेत त्यांनी वांडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटाची चौकशी करावी. तिथे परवाना लागतो, प्लास्टिकची कडक तपासणी होते आणि पावसाळ्यात ते बंद असते.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांची सहल अनेक कार्यक्रमांत घातलेली असते. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाहने ताफ्याने सोडतात. थांबणे, फोटो काढणे, खायला देणे हा १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली गुन्हा आहे. काही चालक अजूनही जारवा दिसतील असे आमिष दाखवतात. माझ्या मते ती सहल टाळावी. ज्यांनी आपल्याला बोलावलेले नाही त्यांच्या अंगणातून, त्यांच्याकडे बघत जाणे शोभत नाही.

आता व्यवहाराचे थोडेसे. अंदमानला जायला भारतीयांना परवाना लागत नाही, लक्षद्वीपला लागतो. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, तरी नीलवर त्याच्या भरवशावर पैसे देण्याचा बेत करू नका. पुरेशी रोकड पोर्ट ब्लेअरहूनच न्या. नेहमीची औषधे मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीची घ्या. मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे, म्हणून हृदयरोग असलेल्या ज्येष्ठांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळते. फोन आणि पाकिटासाठी पाणी न शिरणारी पिशवी घ्या.

शेवटचा दिवस पोर्ट ब्लेअरचा, आणि तो सेल्युलर जेलसाठी. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात पाखांत ६९३ एकांतकोठड्या होत्या. आज तीन पाखे उभी आहेत. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले. सावरकर इथे १९११ ते १९२१ होते. मराठी माणूस त्यांच्या कोठडीकडे जातोच, जावेच. पण तिथून लगेच फिरू नका, भिंतींवरच्या नावांच्या पाट्या वाचा. बंगाल आणि पंजाबमधून आलेल्या कैद्यांची नावे सगळ्यांत जास्त आहेत, आणि बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त, भाई परमानंद या क्रांतिकारकांबद्दल मुलांना सांगायला घरचे वडीलधारे सोबत असतील तर फार बरे. दोन-अडीच तास तरी द्या. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे हंगामात लवकर संपतात, ती आधीच काढा, आणि जेलच्या सुट्टीचा वार विचारून मगच परतीचा दिवस पक्का करा.

मुलांचे खिसे परतीच्या आदल्या रात्रीच रिकामे करा. किनाऱ्यावरून उचललेले प्रवाळ, मेलेले असले तरी, बेटाबाहेर नेता येत नाहीत. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि वीर सावरकर विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात, प्रसंगी गुन्हाही नोंदवतात. शंखाची वस्तू घ्यायचीच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा.